कोल्ड स्टोरेजमधल्या अमोनियावर जनरेटर चालेल का?

बागाईतदार_निफाड | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

पिंपळगाव बसवंतजवळ आमचं भावकीतल्या चौघांचं मिळून छोटं कोल्ड स्टोरेज आहे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचं प्रीकूलिंग आणि साठवण, बाकी वर्षभर मिळेल तो माल. प्लांट अमोनियाचा आहे, म्हणजे थंडावा त्या वायूने तयार होतो, जुना पण खणखणीत. सिस्टिममध्ये साधारण दीड टन गॅस असतो. शेजारच्या शेडमध्ये १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. ऐन सीझनला लाईट गेली की त्याच्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण बागेतून आलेला माल चार-सहा तासांत थंड झाला नाही तर देठ सुकतात आणि निर्यातदार पेटी परत करतो. पूर्ण लोडवर तासाला २५ लिटर डिझेल जातं.

जपानमध्ये अमोनियावर चालणारी टगबोट (मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी बोट) समुद्रात फिरते आहे, धुरात कार्बन नाही, असं परवा वाचलं. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. भिंतीच्या अलीकडे माझ्याकडे टनाने अमोनिया आहे, पलीकडे इंजिन आहे. मधे नऊ इंची भिंत. मग हे होऊ शकतं का? खर्च किती? कोणी केलंय का? माझं शिक्षण बारावी शेती, तेव्हा जरा उलगडून सांगा.

नोझलवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

भाऊ, सातपूरला ३१ वर्षं पंप आणि नोझलचंच काम केलं. तेवढ्यापुरतं सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. डिझेल पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंश पुरतात. अमोनियाला साडेसहाशे लागतात. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सोळा-सतरास एक असेल. नुसत्या अमोनियाला ते पस्तीसच्या आसपास न्यावं लागतं. तेवढ्यात हेड उचलेल. म्हणून जिथे जिथे अमोनिया जाळतात तिथे थोडं डिझेल सोबत फवारतात. आधी डिझेल पेटतं, ते अमोनियाला पेटवतं. पाऊस झाल्यावर ओली लाकडं पेटवायला आपण आधी रॉकेलचा बोळा लावतो, तसं.

दुसरं, प्रत्येक इंजेक्टरखाली तांब्याचा वॉशर असतो. पंपात पितळी बुश असतात. अमोनिया तांबं-पितळ खातो. तुमच्या प्लांटवर बघा, सगळे वॉल्व्ह आणि पाइप लोखंडाचे, गेजसुद्धा अमोनियाचं वेगळं येतं. तिसरं, डिझेल हे स्वतःच वंगण आहे, पंपातला प्लंजर त्याच्यावरच सरकतो. अमोनियात वंगण शून्य. आपला नेहमीचा पंप त्याच्यावर चालवला तर घासून निघेल.

इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेत, वायू सोडून चालवता येईल म्हणाल तर इंजिन फिरेल. पण फिरणं वेगळं आणि चालणं वेगळं.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल | १६ नोव्हेंबर, रात्री ११:४०

हा धागा बघून फार आनंद झाला! मी नाशिकलाच मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय मनात आहे.

हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये डिझेल मिळेनासं झालं, तेव्हा १९४३ च्या सुमारास तिथे बस अमोनियावर धावल्या, जोडीला दगडी कोळशाचा गॅस वापरून. अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट विमान द्रवरूप ऑक्सिजन आणि अमोनियावरच उडायचं आणि १९६७ मध्ये ते ध्वनीच्या सहापटीपेक्षा जास्त वेगाने गेलं. अमोनियाच्या रेणूत कार्बनच नाही: एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. नीट जळला तर मागे नायट्रोजन आणि पाणी.

माझा विचार असा आहे. पाच हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर जुनं इंजिन मित्राच्या शेतात पडलंय. बर्फ कारखान्याला सिलिंडर पुरवणाऱ्याकडून एक अमोनिया सिलिंडर घ्यायचा, रेग्युलेटर लावून वायू इनटेकमध्ये सोडायचा आणि किती टक्के डिझेल वाचतं ते मोजायचं. बागाईतदार काका, तुमच्या शेडमध्ये करायला द्याल का?

जानोरीची_लेक | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

बाळा, आधी माझं ऐक.

माझा धाकटा भाऊ एका कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर होता. नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत. कॉम्प्रेसरचं ऑइल ड्रेन करताना वॉल्व्ह अडकला आणि ऑइलच्या मागून गॅस आला. त्याने हातरुमाल नाकाला लावला, पण डोळे उघडे होते. बाहेर पडायचा रस्ता त्याला पाठ होता म्हणून जीव वाचला. धुवायला पाण्याचा नळ सत्तर पावलांवर होता. तेवढ्या सत्तर पावलांत उजव्या डोळ्याचं बुबुळ कायमचं धुरकट झालं. आज तो शेतात काम करतो, उन्हात त्रास होतो.

डोळा ओला असतो, नाक ओलं असतं, फुप्फुस ओलं असतं, आणि हा वायू पाण्याकडे धाव घेतो. तुझ्या मित्राच्या शेतात नळ किती पावलांवर आहे?

बागाईतदार_निफाड | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

ताई, वाचून हात थांबला. आमच्याकडे डोळे धुवायचा आय-वॉश आहे, पण खरं सांगतो, गेल्या वर्षभरात त्याचा नळ कोणी फिरवून बघितलेला नाही. आज बघतो.

पोरा, शेड देणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

रसायनवर्ग | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बागाईतदार भाऊंनी आकडे दिले आहेत, तर त्यांच्याच जनरेटरवर हिशेब मांडू.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तासाला २५ लिटर म्हणजे ९०० मेगाज्यूल. एक किलो अमोनियात १८.६ मेगाज्यूल. तेव्हा तेवढ्याच कामाला तासाला ४८ किलो अमोनिया लागेल. पन्नास-साठ किलोचा मोठा सिलिंडर जेमतेम तासभर पुरेल. तुमच्या प्लांटमधला दीड टन गॅस एकतीस तासांत संपेल आणि मग ना जनरेटर चालेल, ना कोल्ड. प्लांटमध्ये तो वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो, खर्च होत नाही. म्हणून तो तिथे ‘भरपूर’ वाटतो.

आता कार्बनचं. अमोनिया जळताना कार्बन निघत नाही हे खरं. पण तो बनतो कशापासून? आजचा जवळजवळ सगळा अमोनिया नैसर्गिक वायू किंवा कोळशातून हायड्रोजन काढून बनवलेला आहे. जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन. वायूपासून एक किलो बनवताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड कारखान्यातच हवेत जातो. ४८ किलोंना ८६ किलो झाला. तुमचं २५ लिटर डिझेल जळून ६७ किलो. म्हणजे बाजारात आज मिळणारा अमोनिया जाळला तर तुमच्या शेडमधला धूर कमी होईल आणि खत कारखान्याच्या चिमणीतून त्यापेक्षा जास्त बाहेर पडेल.

‘हरित’ अमोनिया म्हणजे सौर किंवा पवन विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून बनवलेला. त्याला किलोमागे सुमारे १० युनिट वीज लागते. म्हणजे ४८ किलोंना ४८० युनिट. जनरेटर त्यातून तासाला परत देणार ९० युनिट. तीच वीज बॅटरीत ठेवली असती तर ४८० पैकी चारशेच्या वर परत मिळाली असती.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: जिथे वीज तारेने पोहोचते तिथे अमोनिया जाळू नये. तो तिथे वापरावा जिथे तार पोहोचत नाही आणि बॅटरी पुरत नाही.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

मॅडम, हिशेब पटला. पण मग जपान एवढे पैसे का घालतंय? हेकिनानच्या औष्णिक केंद्रात २०२४ मध्ये हजार मेगावॉटच्या युनिटमध्ये कोळशाबरोबर २० टक्के अमोनिया जाळून दाखवला. आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राला का नाही?

रसायनवर्ग | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

जपानकडे जागा कमी, ऊन कमी आणि शेजारी देशांशी विजेच्या तारा जोडलेल्या नाहीत. बाहेरून जहाजाने ऊर्जा आणण्याशिवाय त्यांना मार्ग नाही. आपल्याकडे आठ-नऊ महिने कडक ऊन असतं. त्या उन्हाची वीज करून, विजेचा अमोनिया करून, तो एकलहऱ्याच्या बॉयलरमध्ये कोळशाबरोबर जाळून पुन्हा वीज करायची म्हणजे विहिरीचं पाणी टँकरने गावभर फिरवून त्याच विहिरीशेजारच्या वाफ्यात ओतण्यासारखं आहे.

इंजिनरूम_ते_अंबड | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१८

घर अंबडला, काम मर्चंट नेव्हीत, सध्या सुट्टीवर. सेकंड इंजिनिअर आहे. मॅडम म्हणाल्या ‘जिथे तार पोहोचत नाही’. ते ठिकाण म्हणजे माझं ऑफिस.

मुंबईहून निघालेलं मोठं मालवाहू जहाज पंधरा-वीस दिवस थांबत नाही आणि रोज टनांनी इंधन खातं. तेवढी बॅटरी घेतली तर माल ठेवायला जागा उरणार नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलंय की २०५० च्या सुमारास जहाजांचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं. त्यासाठी जी दोन-तीन इंधनं खरी स्पर्धेत आहेत त्यात अमोनिया आहे.

बागाईतदार दादांनी वाचलेली टगबोट म्हणजे ‘साकिगाके’. आधी ती एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालायची. इंजिन बदलून २०२४ च्या ऑगस्टपासून टोकियोच्या खाडीत अमोनियावर काम करू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंगापूरला ‘फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनियर’ या ७५ मीटरच्या जहाजाने डिझेलबरोबर अमोनिया जाळून दाखवला.

जहाजावर हे का जमतं, ते समजून घ्या, कारण यातच जनरेटरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमोनियाची ज्योत फार सावकाश सरकते. सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर. पेट्रोल किंवा सीएनजीची चाळीसच्या आसपास. तुमचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो. पिस्टन वरून खाली यायला लागतो एका सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्यात ज्योतीने सिलिंडरभर पोहोचायचं. आमचं मोठं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८० फेऱ्यांवर चालतं. तिथे त्याच कामाला ३७५ मिलिसेकंद मिळतात. संथ इंधनाला संथ इंजिन लागतं. शिवाय अशा मोठ्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने फवारतात, इनटेकमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे न जळता निसटणारा भाग कमी राहतो.

तुमच्या जनरेटरवर इनटेकमधून सोडलात तर कमी लोडला बराचसा गॅस कच्चाच सायलेन्सरमधून बाहेर येईल. द्राक्षाच्या पेट्या भरणाऱ्या बायका त्या शेडपासून किती अंतरावर बसतात?

बागाईतदार_निफाड | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

चाळीस फूट. पॅकहाऊस लागूनच आहे.

कळलं.

द्वारका_ट्रान्सपोर्ट | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

माझ्या अकरा गाड्या आहेत, मुंबई-आग्रा रोडवर. प्रश्न विचारू का? नाही जमत म्हणता ते ठीक, पण २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आम्ही जे युरियाचं पाणी टाकतो त्याचा आणि अमोनियाचा काही संबंध आहे का? एक ड्रायव्हर म्हणाला गाडीत अमोनियाच तयार होतो.

नोझलवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:०१

ड्रायव्हर बरोबर बोलला. त्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया असतो. तापलेल्या धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि तो धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मारतो. धुराच्या नळीवरच्या डब्यातल्या जाळीवर हे सगळं घडतं. म्हणून युरियाऐवजी नुसतं पाणी टाकून सेन्सर फसवणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. कसारा घाटात धूर कोणाच्या छातीत जातो? आपल्याच.

रसायनवर्ग | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

नोझलवाले काका, यात एक गंमतीची जोड आहे. अमोनिया जाळणाऱ्या इंजिनातही तेच नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, कारण इंधनातच नायट्रोजन आहे. आणि ते मारायला पुन्हा अमोनियाच वापरतात. इंजिनाकडे इंधनही तेच आणि औषधही तेच.

खरी काळजी आहे ती हास्यवायूची, म्हणजे नायट्रस ऑक्साइडची. ज्वलन थंड पडलं की तो तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट पृथ्वी तापवतो. डिझेल वाचवून मिळवलेलं सगळं पुण्य चिमूटभर हास्यवायू धुऊन नेऊ शकतो. त्यामुळे ‘कार्बन नाही’ एवढ्यावर कोणतंही इंजिन स्वच्छ ठरवू नये, धुरातला नायट्रस ऑक्साइड मोजून दाखवा असं म्हणावं. ‘साकिगाके’सारख्या चाचण्यांचं महत्त्व मला यातच वाटतं, की तिथे धुरातलं हे सगळं मोजलं गेलं.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची पद्धत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवली. तिला कारखान्यात उतरवलं कार्ल बॉश यांनी, जर्मनीत ओप्पाऊला, १९१३ मध्ये. प्रचंड दाब आणि उष्णता, त्यात हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करायचा. नळकांडी फुटायची. बॉश यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर आणि बाहेरून भोकं पाडलेलं पोलाद अशी जोडी बसवली, म्हणजे शिरलेला हायड्रोजन भोकांतून निघून जाईल. हे कार्ल म्हणजे रॉबर्ट बॉश यांचे पुतणे. तेच रॉबर्ट, ज्यांच्या नावाच्या कंपनीच्या नोझल तुम्ही आयुष्यभर हाताळल्यात.

नोझलवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४७

मॅडम, ३१ वर्षं रोज मायको सर्कलवरून गेलो-आलो, मायको म्हणजे बॉशचीच इथली कंपनी. काकाने डिझेलचा पंप दिला आणि पुतण्याने अमोनिया, हे आज कळलं. घरी बायकोला आणि मुलाला वाचून दाखवलं.

ती भोकांची कल्पना म्हणजे फिटरच्या डोक्यातली कल्पना आहे. अडवता येत नाही ना, मग जायला वाट द्या.

इंजिनरूम_ते_अंबड | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

जहाजावरही हीच भाषा आहे. अमोनियाची पाइपलाइन दुहेरी भिंतीची. दोन भिंतींमधल्या पोकळीतून पंखा सतत हवा ओढतो, तासाला किमान तीस वेळा तिथली हवा बदलली पाहिजे. आतली भिंत गळाली तर वायू पोकळीत येतो, सेन्सर ओरडतो, वॉल्व्ह आपोआप बंद होतो, माणसाच्या नाकापर्यंत काही येत नाही. टाकीत तो उणे ३३ अंशांवर थंड करून ठेवतात, म्हणजे दाब लागत नाही. आणि डिझेलपेक्षा जवळजवळ तिप्पट जागा लागते.

जहाजं हा वायू माल म्हणून कित्येक दशकं वाहतायत, वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात. त्या जहाजांवरच्या लोकांना त्याची सवय आहे. साध्या मालवाहू जहाजावर जो ऑइलर (इंजिनरूममधला कामगार) उद्या हे इंधन हाताळणार, त्याला ती नाही. माझी खरी धास्ती इंजिनाची नाही, त्याची आहे. आम्हाला आता प्रशिक्षण सुरू होतंय, पण वर्गात पडद्यावर बघणं आणि वास आल्यावर पाय न डगमगणं यात फार अंतर आहे. ती शिस्त ज्यांच्या अंगात आधीच आहे असे लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत: पिंपळगाव, दिंडोरी, मोहाडीच्या कोल्डवरचे ऑपरेटर. दहावी-बारावी झालेली मुलं, पण ग्लँडचा (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलचा) आवाज बदलला तरी ओळखतात. उद्या न्हावाशेवाच्या जेएनपीए बंदरात अमोनिया इंधन म्हणून भरायची वेळ आली तर अशा हातांची गरज पडेल. त्यांच्यासाठी कोणी नीट अभ्यासक्रम, प्रमाणपत्र काढलं पाहिजे. हे मी मनापासून लिहितोय.

जानोरीची_लेक | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

हे वाचून डोळे भरले. माझ्या भावाला हे काम बोटाच्या टोकावर होतं. त्याला कोणी कधी कागद दिला नाही.

द्वारका_ट्रान्सपोर्ट | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

भावाचं काय? हरित अमोनिया मिळतो तरी का आपल्याकडे?

रसायनवर्ग | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

थोडक्यात सांगते. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. त्याखाली खत कारखान्यांना हरित अमोनिया पुरवण्याचे लिलाव २०२५ मध्ये झाले, दर किलोला पन्नास-पंचावन्न रुपयांच्या आसपास निघाले. ४८ किलोंचे झाले सुमारे २६०० रुपये. तुमचं २५ लिटर डिझेल नव्वदीच्या भावाने २२५० रुपये. म्हणजे फार लांब नाही. पण तो दर कारखान्याला हजारो टनांनी पुरवण्याचा आहे, पिंपळगावला सिलिंडरने पोचवण्याचा नाही. आणि डिझेलच्या भावात कर आहे, हेही लक्षात घ्या.

माझ्या मते पहिला हरित अमोनिया खतातच जावा. आपल्या बागेत पडणाऱ्या युरियाचा नायट्रोजन आजही नैसर्गिक वायू वापरूनच बांधलेला आहे. तो स्वच्छ झाला तर कोणाचंही इंजिन न बदलता मोठा फरक पडेल. त्यानंतर जहाजं. जनरेटर आणि ट्रक यांची पाळी येईल असं मला वाटत नाही.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल | १९ नोव्हेंबर, रात्री ११:५५

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण आधी थोडा हिरमुसलो होतो. आज गाइड सरांशी बोललो. सिलिंडर आणणार नाही. जानोरीच्या ताई, तुमचा सत्तर पावलांचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

प्रोजेक्ट बदललाय. इंजिनरूम दादांचे २० मिलिसेकंद धरून बसलोय. धुराच्या उष्णतेवर अमोनियाचा काही भाग फोडून हायड्रोजन वेगळा करता येतो, आणि हायड्रोजनची ज्योत अतिशय वेगवान. मिश्रणात किती टक्के हायड्रोजन असला तर १५०० फेऱ्यांवरही ज्योत वेळेत पोहोचेल, आणि तेव्हा नायट्रोजनचे ऑक्साइड किती वाढतील, हे संगणकावर काढणार आहे. प्रयोग नाही, गणित.

पण मी आजवर अमोनियाचा प्लांट प्रत्यक्ष पाहिलेला नाही. बागाईतदार काका, नुसतं बघायला येऊ का?

बागाईतदार_निफाड | २० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ये की. रविवारी सकाळी दहाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट. नोझलवाले काका, तुम्हीही या, जनरेटरचा धूर गेल्या महिन्यापासून काळा येतोय.

नोझलवाला | २० नोव्हेंबर, सकाळी ७:०४

येतो. काळा धूर म्हणजे नोझल ठिबकते आहे किंवा एअर फिल्टर चोक. टेस्टर घेऊन येतो.

बागाईतदार_निफाड | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

आज सगळे येऊन गेले. ताईंचा भाऊही आला, मीच आग्रह केला होता.

आधी जनरेटर. दोन नोझल ठिबकत होत्या, फिल्टर तर धुळीने भरलेला. काकांनी नोझल बदलल्या, टायमिंग बघितलं. धूर गेला. त्याच लोडला डिझेल किती कमी लागतं ते पुढच्या वेळी मोजून लिहितो. डिझेल वाचवायला निघालो होतो अमोनियाने, सुरुवात झाली फिल्टरपासून.

मग ताईंच्या भावाने प्लांट फिरून बघितला. त्याने गंधकाची काडी पेटवली आणि एकेका ग्लँडजवळ, फ्लँजजवळ नेली. रिसीव्हरच्या खालच्या वॉल्व्हपाशी काडीचा धूर एकदम पांढरा दाट झाला. आम्हाला कोणाला वास आला नव्हता. आमची नाकं मेली आहेत रोजच्या वासाने. पॅकिंग बदललं.

त्याने पोराला शिकवलं ते इथे लिहून ठेवतो, इतर कोल्डवाल्यांना उपयोग होईल. गॅस सुटला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, वाऱ्याबरोबर पळायचं नाही. हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा मारला तर तो पाण्यात उतरतो, पण जमिनीवर साठलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचं नाही, तो उकळून दुप्पट उठतो. डोळे किमान पंधरा मिनिटं धूत राहायचे, मग दवाखाना. पोराने ताईंच्या भावाला विचारलं, वारा कुठून येतोय हे घाबरलेल्या माणसाला कसं कळणार? तेव्हा लक्षात आलं की आमच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजाच नाही.

आय-वॉशचा नळ गंजलेला होता. नवीन बसवतोय, दोन ठिकाणी, कॉम्प्रेसर रूमच्या दाराबाहेर आणि पॅकहाऊसच्या वाटेवर. जनरेटरला पर्याय म्हणून छपरावर सोलर आणि दिवसा थंडी साठवून ठेवणारी बर्फाची टाकी, अशा दोन ठिकाणांहून किमती मागवल्यात. बर्फ बनवायला माझा जुना अमोनिया प्लांट आहेच. लाईट गेली तर टाकीतल्या थंड पाण्यावर दोन-तीन तास प्रीकूलिंग निघेल असं सांगतायत. कॉम्प्रेसर नाही, फक्त पंप आणि पंखे चालवायचे, तेवढ्याला छोटी बॅटरी पुरेल.

आणि ताई, तुमच्या भावाला विचारलंय. सीझनभर आठवड्यातून दोन दिवस येऊन आमच्या पोरांना शिकवायचं. संध्याकाळी यायचं ठरलंय, उन्हाचा त्रास नको म्हणून. पगार ठरवून, कागदावर.

जानोरीची_लेक | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

तो घरी आल्यापासून त्याच काडीबद्दल बोलतोय. भाऊ, काय लिहू.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

काका, वाऱ्याचा मोजा मी शिवून आणतो, आईकडे मशीन आहे. भगवं-पांढरं पट्ट्याचं कापड लागेल, पावसात टिकेल असं. मेन रोडला कुठे मिळेल?

नोझलवाला | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

मेन रोडला नको, ताडपत्रीवाल्याकडे बघ, द्वारकेजवळ. नायलॉन घे. आणि कडी स्टीलची लाव, पितळी नको.